दुर्बिणीने गुडघा ‘साफ’ केला की दुखणं थांबतं का?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात देते. वय ६४. उजवा गुडघा सात-आठ महिने दुखतोय, जिना उतरताना जास्त, आणि बराच वेळ बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत टाकावी लागतात. मधूनच कट्ट असा आवाज येतो, काहीतरी अडकल्यासारखं होतं आणि लगेच सुटतं. एमआरआय काढला, त्यात ‘मेनिस्कसला टेअर’ (म्हणजे गुडघ्याच्या दोन हाडांमधली गादी फाटलेली) आणि ‘मध्यम झीज’ असं आलं. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीने छोटंसं ऑपरेशन करू, फाटलेला भाग काढू, आतून साफ करू, दुसऱ्या दिवशी घरी. पुढच्या महिन्यातली तारीखही दिलीय. मुलगा म्हणतो करून टाक, मोठ्या जाऊबाईंनी केलं होतं आणि त्या महिन्याभरात जिने चढायला लागल्या. ताईंना मात्र धाकधूक आहे. ऑपरेशन नाही केलं तर फाटलेलं आणखी फाटत जाईल आणि पुढे अख्खा गुडघा बदलायची वेळ येईल ही एक भीती, त्या भीतीने त्यांनी चालणंच बंद केलंय. आणि डॉक्टरांना नको म्हटलं तर आपला त्यांच्यावर विश्वास नाही असं त्यांना वाटेल, ही दुसरी.

ताई,

आधी सरळ उत्तर देऊन टाकते, मग बाकीचं बोलू. तुम्ही लिहिलंय तसा गुडघा असेल, म्हणजे वयाप्रमाणे झालेली झीज, हळूहळू सुरू झालेलं दुखणं, कुठे पडल्या-मुरगळल्याचा इतिहास नाही, तर दुर्बिणीच्या ऑपरेशनने, म्हणजे आर्थ्रोस्कोपीने, तुम्हाला सांगण्याजोगा फायदा व्हायची शक्यता फार कमी आहे. हे मी मनाने सांगत नाही, या एका प्रश्नावर इतके नीट अभ्यास झालेत की हाडांच्या इतर फार थोड्या ऑपरेशनांवर झाले असतील. अर्थात तुमचा गुडघा मी इथून दाबून-वाकवून बघू शकत नाही, आणि काही अपवाद आहेत, ते पुढे येतीलच, तेवढे मात्र वरवर वाचून सोडू नका.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही, तुमचा मुलगा, बहुतेक डॉक्टरही, सगळ्यांनीच धरून चालली आहे. एमआरआयमध्ये फाटलेलं दिसलं, गुडघा दुखतोय, म्हणजे फाटल्यामुळेच दुखतोय. ऐकायला किती बरोबर वाटतं ना! पण अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ सर्वसाधारण लोकांचे गुडघे एमआरआयखाली बघितले, २००८ साली ते प्रसिद्ध झालं. हे लोक गुडघा दुखतो म्हणून आलेले नव्हते, गावातूनच सरसकट निवडलेले होते. त्यात साधारण ३५ टक्के लोकांच्या मेनिस्कसला टेअर किंवा नासलेला भाग सापडला, ७० च्या पुढच्या पुरुषांमध्ये तर निम्म्याहून जास्त. आणि ज्यांना टेअर होती त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्यात ना दुखणं, ना आखडणं, काहीही नव्हतं. म्हणजे उद्या तुमच्या वयाच्या, मजेत फिरणाऱ्या दहा मैत्रिणींचे एमआरआय काढले तर त्यातही दोन-तीन टेअर निघतील. केस पांढरे होतात तशातलाच हा प्रकार, वय दिसतं त्यात, आजार दिसेलच असं नाही.

आणखी एक गंमत आहे, जी रिपोर्ट हातात देताना कोणी सांगत नाही. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो, म्हणजे कूर्चा, ज्याची झीज झाली असं आपण म्हणतो, त्याला स्वतःला मज्जातंतूच नसतात. मेनिस्कसची ती गादी, तिलाही बाहेरच्या कडेकडेनेच मज्जातंतू आणि रक्तपुरवठा, आतला बराचसा भाग मुका. दुखतं ते त्याच्याखालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर, भोवतीचे स्नायू आणि आवरणं. त्यामुळे एका विशिष्ट फाटलेल्या तुकड्याकडे बोट दाखवून ‘हा काढला की संपलं’ म्हणणं जितकं सोपं वाटतं तितकं ते सोपं नाही. (कधीकधी दुखणं गुडघ्याचं नसतंच, खुब्याचं असतं आणि जाणवतं गुडघ्यात. तपासताना डॉक्टरांनी खुबा फिरवून बघितला होता का, आठवा जरा.)

आता ‘आतून साफ करणं’. हा शब्द मला खरंच आवडत नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटतं आत कचरा साचलाय आणि तो गेला की झालं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात ब्रूस मोझली नावाच्या सर्जनने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण अभ्यास प्रसिद्ध केला. गुडघ्याची झीज झालेले १८० रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एका गटाचा गुडघा दुर्बिणीने आतून फक्त धुतला. दुसऱ्या गटाचा धुतला आणि खरवडून, कातरून साफसूफ केला. तिसऱ्या गटाचं चक्क खोटं ऑपरेशन केलं, म्हणजे कातडीला तीन छोट्या चिरा दिल्या, सर्जनने नेहमीसारखी सगळी हत्यारं मागून घेतली, गुडघा हलवला-वळवला, धुतल्याचा आवाज यावा म्हणून सलाइनचं पाणी उडवलं, पण आत काहीच घातलं नाही, आणि चिरा शिवून टाकल्या. रुग्णांना रात्रभर हॉस्पिटलात ठेवलं आणि बघणाऱ्या नर्सेसनाही माहीत नव्हतं कोणाचं काय झालंय. (रुग्णांनी आपल्याला खोटं ऑपरेशनही मिळू शकतं हे आधी मान्य करून सही केली होती, हे सांगायला हवं, नाहीतर वाटेल फसवलं बिचाऱ्यांना.) पुढे दोन वर्षं तिन्ही गटांना विचारत राहिले, चालायला-चढायला लावलं. दुखणं कोणत्या गटात कमी झालं? तिन्ही गट सारखेच. खऱ्या ऑपरेशनवाल्यांना खोट्यापेक्षा जास्त आराम एकदाही पडलेला दिसला नाही.

यावर तेव्हा बरीच आरडाओरड झाली, कोणी म्हणालं रुग्ण नीट निवडले नव्हते, कोणी म्हणालं जवळपास सगळे पुरुषच होते. म्हणून मग कॅनडात वेगळा अभ्यास झाला, २००८ मध्ये आला, त्यात दोन्ही गटांना फिजिओथेरपी आणि औषधं दिली आणि एका गटाला वर आर्थ्रोस्कोपी. दोन वर्षांनी दोघं तिथेच. मग म्हणणं आलं की ठीक आहे, झीज झालेल्या गुडघ्याला धुण्याचा फायदा नाही, पण मेनिस्कस फाटला असेल तर तो कातरण्याचा होत असेल ना? तुमचाही प्रश्न नेमका हाच आहे. तर फिनलंडमध्ये मोठी झीज नसलेल्या, पण मेनिस्कस वयाने विरलेल्या १४६ लोकांवर तेच केलं, अर्ध्यांचं खरं कातरणं, अर्ध्यांचं खोटं. २०१३ ला निकाल आला, वर्षभरानंतर फरक नाही. पाच वर्षांनी परत बघितलं तेव्हाही फायदा नाही, उलट कातरलेल्या गटात झीज जरा जास्त पुढे गेलेली दिसली. नॉर्वेत व्यायाम विरुद्ध ऑपरेशन, नेदरलँड्समध्ये फिजिओ विरुद्ध ऑपरेशन, सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच गोष्ट. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने डॉक्टर आणि रुग्ण दोघांना एकत्र बसवून सगळा पुरावा तपासून घेतला आणि त्यांनी झिजलेल्या गुडघ्यासाठी आर्थ्रोस्कोपी करू नये अशी ठाम शिफारस केली, टेअर दिसत असली तरीही.

मग जाऊबाई बऱ्या कशा झाल्या? त्या खोटं बोलत नाहीयेत आणि तो त्यांच्या मनाचा खेळही नाही. ह्यूस्टनच्या खोट्या ऑपरेशनवाल्या लोकांनाही बरं वाटलंच होतं की! झीज झालेला गुडघा कधीच एका पातळीवर दुखत नाही, चार-सहा महिने वाईट जातात मग आपोआप जरा बरं वाटतं, पुन्हा वाढतं. आणि माणूस ऑपरेशनला कधी तयार होतो, तर दुखणं अगदी डोक्यावर गेलं की, म्हणजे त्यानंतर ते उतरणारच असतं. त्यात ऑपरेशननंतर सक्तीची विश्रांती मिळते, घरचे काळजी घेतात, फिजिओवाले मांडीचे व्यायाम करून घेतात, काही दिवस गोळ्या असतात, आणि आपण मोठा उपाय केलाय ही आशा असते, तिचंही बळ कमी नसतं. हे सगळं मिळून एका महिन्यात जिना चढता येणं अगदी शक्य आहे. याचं श्रेय मात्र दुर्बिणीला जातं. जाऊबाईंना विचारा जमलं तर, ऑपरेशननंतर व्यायाम कुठले करायला सांगितले होते. मला वाटतं तुमच्या कामाचं उत्तर तिथे सापडेल.

कट्ट आवाज आणि अडकल्यासारखं होणं याने तुम्ही जास्त घाबरलात असं पत्रावरून वाटतं. साहजिक आहे, आत काहीतरी तुटून अडकलंय असंच डोळ्यासमोर येतं. पण न दुखणारे आवाज बहुतेक सगळ्या गुडघ्यांतून येतात. आणि क्षणभर अडकून सुटणं, त्याचाही फिनलंडच्याच अभ्यासात वेगळा विचार केला होता, ज्यांचा गुडघा असा अडकायचा त्यांना तरी कातरण्याचा फायदा झाला का, तर नाही, खोट्या ऑपरेशनवाल्यांचंही अडकणं तितकंच कमी-जास्त झालं. खरं लॉक होणं वेगळं असतं, गुडघा वाकलेल्या अवस्थेत अडकतो आणि काही केल्या सरळच होत नाही, दुसऱ्याने धरून केला तरी नाही. तसं तुमचं होत असेल तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि लवकर दाखवा, तिथे दुर्बिणीचं काम असू शकतं.

अपवादांचं सांगतेच आता. तरुण माणूस खेळताना गुडघा पिळवटतो, तासाभरात सुजून टम्म होतो, ती ताजी इजा असते, तिचा हिशोब वेगळा. सांध्यात सुटा झालेला हाडाचा किंवा कूर्चाचा तुकडा फिरत असेल आणि तोच अडकत असेल तर तो काढावा लागतो. सांध्यात जंतुसंसर्ग झाला, गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि ताप, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, तिथे सांधा धुवायला दुर्बीण लागू शकते. पायावर अजिबात वजनच टाकता येत नाही, पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, रात्री पडल्या पडल्याही असह्य ठणका आणि वजन उतरतंय, ही सगळी थांबून बघायची लक्षणं नाहीत. तुमच्या पत्रात यातलं काहीही नाही.

‘छोटंसं ऑपरेशन, करून बघायला काय हरकत’ असं मुलगा म्हणतो, त्याच्या मनात प्रेमच आहे. चिरा छोट्या असतात हे खरं, त्रासही बहुतेकांना होत नाही. पण पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणं, ती फुफ्फुसात जाणं, सांध्यात पू होणं हे क्वचित का होईना घडतं, हजारात काही जणांना. भूल असते ती वेगळी. मोठा फायदा असता तर एवढा धोका कोणीही घेतला असता, मीही घे म्हणाले असते. फायदाच जेमतेम असेल तर हाच छोटा धोका मोठा वाटायला लागतो, एवढंच माझं म्हणणं.

आणि तुमची ती मोठी भीती, नाही केलं तर फाटत जाईल आणि गुडघा बदलावा लागेल. ताई, आर्थ्रोस्कोपी करून गुडघा बदलायचं पुढे ढकललं जातं असं कुठल्याही चांगल्या अभ्यासात दिसलेलं नाही. चालल्याने ती टेअर उसवत जाते हेही खरं नाही. उलट तुम्ही जे केलंय, चालणं बंद, तेच या सगळ्या प्रकरणातलं मला सर्वात काळजीचं वाटतं. मांडीचा पुढचा स्नायू वापरला नाही की झपाट्याने बारीक होतो, तो बारीक झाला की पायरी उतरतानाचा सगळा भार थेट सांध्यावर येतो, मग जास्त दुखतं, मग आपण आणखी कमी चालतो. ‘झिजलेल्या गुडघ्याला आराम द्यावा’ हा सल्ला कोणी दिला असेल तर तो आजपासून विसरा.

मग करायचं काय, तर पहिलं म्हणजे व्यायाम, आणि तोंडदेखला नाही. चांगला फिजिओथेरपिस्ट गाठा, मशीन लावून शेकून पाठवणारा नको, व्यायाम करून घेणारा आणि दर आठवड्याला थोडे वाढवणारा. साधारण तीन महिने, आठवड्यातून दोन-तीनदा नेटाने, त्याआधी फरक पडला नाही म्हणून सोडायचं नाही. घरी सुरुवात करायची तर खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा, जमत नसेल तर खुर्ची उंच करा, उशी ठेवा. उताणं झोपून पाय सरळ ठेवून वर उचलणं. एका पायरीवर चढ-उतार, कठड्याला धरून. सोबत सपाटीवर चालणं, पाच-दहा मिनिटांपासून, किंवा जागेवरची सायकल, पाण्यात चालायची सोय असेल तर फारच छान. करताना थोडं दुखेल, आणि ते चालतं! इथेच बहुतेक जण गळपटतात म्हणून मुद्दाम सांगते, व्यायामाने दुखलं म्हणजे इजा झाली असं नसतं. दुखणं सोसण्यासारखं असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीला येत असेल तर प्रमाण बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल किंवा सूज आली तर थोडं कमी करा, बंद करू नका.

वजनाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत आणि मी उपदेश करणार नाही, पण एक हिशोब सांगून ठेवते कारण तो कळला की हुरूप येतो. वजन जास्त असलेल्या लोकांचं चालणं मोजून बघितलं तेव्हा असं दिसलं की अंगावरचं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. दिवसाची हजारो पावलं धरा. ४५४ लोकांच्या दीड वर्षाच्या एका अभ्यासात आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं नुसता आहार किंवा नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं होतं. त्यामुळे वजन जास्त असेल तर दोन्ही एकदम धरा, नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

औषधांत, वरून लावायचं डायक्लोफेनॅकसारखं जेल आधी नीट वापरून बघा, दिवसातून तीन-चार वेळा काही दिवस सलग, आठवण झाली की एकदा चोळलं असं नाही. पोटातून घ्यायच्या दुखण्याच्या गोळ्या तुमच्या वयाला किडनी, पोट, बीपी यांचा विचार करून आणि डॉक्टरांना विचारूनच, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच जपून. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन कधीतरी फार भडकलेलं दुखणं काही आठवडे उतरवायला कामाला येतं, पण ते वारंवार घेत राहण्यात शहाणपण नाही, दोन वर्षं दर तीन महिन्यांनी देऊन बघितलं तेव्हा दुखण्यात फरक नव्हता आणि कूर्चा मात्र जास्त झिजली होती. वंगण संपलंय म्हणून वंगणाचं इंजेक्शन, याबद्दलही फार आशा धरू नका. हातात काठी घ्यायची असेल तर ती न दुखणाऱ्या बाजूच्या हातात, म्हणजे तुमच्या डाव्या, हे उलटं करणारे खूप बघितलेत म्हणून सांगितलं.

एवढं सगळं मन लावून करूनही सहा महिन्यांनी, वर्षाने गुडघा जगू देत नसेल, रात्रीची झोप मोडत असेल, आणि उभं राहून काढलेल्या एक्सरेत झीज खूप पुढे गेलेली असेल, तर मग गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनचा विचार जरूर करा. लोक आर्थ्रोस्कोपी आणि गुडघा बदलणं एकाच माळेत ओवतात, ते चूक आहे. फार झिजलेल्या गुडघ्यात सांधा बदलल्याने दुखणं खरोखर कमी होतं, डेन्मार्कमध्ये नुसत्या व्यायाम-औषधांशी तुलना केली तेव्हा बदललेल्यांना जास्त आराम होता, गंभीर त्रासही त्यांच्यातच जास्त झाले, पण तो सौदा काय आहे हे तरी स्पष्ट आहे. तुम्ही मात्र आज त्या टप्प्यावर नाही, ‘मध्यम झीज’ आणि व्यायाम एकदाही नीट करून बघितलेला नाही.

राहिलं डॉक्टरांचं. त्यांना नको म्हणायची गरजच नाही, प्रश्न विचारा. ‘माझ्या गुडघ्यात असं नेमकं काय आहे ज्यामुळे फिजिओपेक्षा दुर्बिणीने जास्त फायदा होईल?’ ‘तीन महिने व्यायाम करून मग ठरवलं तर माझं काही नुकसान होईल का?’ हा दुसरा प्रश्न फार उपयोगी आहे, कारण झिजेच्या टेअरसाठी थांबल्याने नुकसान होत नाही आणि बहुतेक डॉक्टर ते तोंडावर मान्य करतील. पुष्कळदा असंही असतं की रुग्णच ‘काहीतरी करा हो’ म्हणून मागे लागलेले असतात आणि डॉक्टरांनाही वाटतं यांना व्यायाम सांगितला तर उठून दुसरीकडे जातील. तुम्ही व्यायामाला तयार आहात कळल्यावर त्यांचाच सूर बदलला तर मला नवल वाटणार नाही. त्यांनी तुमच्या गुडघ्याबद्दल वेगळं, ठोस कारण सांगितलं, सुटा तुकडा, खरं लॉक होणं, तर ते ऐका, लिहून घ्या आणि वाटलं तर दुसऱ्या एखाद्या हाडांच्या डॉक्टरांना तोच एमआरआय दाखवा. कारण काहीच न सांगता नुसते रागावले, तर दुसरं मत घ्यायचं नक्की समजा.

मुलाला हे पत्र वाचायला द्या. तो ‘करून टाक’ म्हणतो कारण तुम्हाला दुखतंय आणि आपण काहीच करत नाही असं त्याला वाटतं, तर त्याला काम द्या, संध्याकाळी वीस मिनिटं तुमच्याबरोबर चालायचं आणि खुर्चीतल्या उठाबशा मोजायच्या. तारीख सध्या तीन महिने पुढे ढकलायला सांगा. आणि उद्या फिजिओची वेळ घ्याल तेव्हा एमआरआयसोबत उभं राहून काढलेला एक्सरेही मागवून घ्या, तो अजून काढलेला नाही असं पत्रावरून वाटतंय, त्याच्यावरून झीज किती आहे ते जास्त नीट कळेल.